ग्रेटर साओ पाउलोत राहायला जाताय? आधी रेल्वेची लाइन ठरवा, मग घर

नेमणुकीच्या पत्रावर 'साओ पाउलो' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ऑफिस निघतं बारुएरीत, कारखाना साओ बर्नार्दोत, विद्यापीठ सांतो आंद्रेत. ही तिन्ही साओ पाउलोची उपनगरं नाहीत. ती स्वतंत्र शहरं आहेत, त्यांचे महापौर, शहरबसेस आणि करही स्वतंत्र आहेत. नवा माणूस पहिल्याच आठवड्यात अडखळतो तो इथे.

ब्राझीलमध्ये या सगळ्या पसाऱ्याला 'ग्रांजी साओ पाउलो' म्हणतात. 1973 च्या कायद्याने हा महानगर प्रदेश अधिकृत झाला. आज त्यात 39 नगरपालिका आहेत, क्षेत्रफळ सुमारे 8 हजार चौरस किलोमीटर. 2022 च्या जनगणनेत इथे 2 कोटी 7 लाख लोक मोजले गेले, त्यातले 1 कोटी 14 लाख खुद्द साओ पाउलो शहरात. बाकीचे 38 शहरांत विखुरलेले, आणि त्यातले लाखो लोक रोज सकाळी एका शहरातून दुसऱ्या शहरात कामाला जातात. मुंबईत 'तुम्ही वेस्टर्नचे की सेंट्रलचे' या एका प्रश्नावर माणसाचं निम्मं वेळापत्रक कळतं. इथेही तसंच आहे, म्हणून या लेखात घरापेक्षा लाइनबद्दल जास्त लिहिलं आहे.

पहिली पायरी: विमानात बसण्याआधी

पीतज्वराची लस घ्या. ब्राझीलमधून भारतात परतताना लशीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मागतात. ते नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जाण्याची वेळ येऊ शकते. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती मोजक्याच केंद्रांवर मिळते. तेव्हा हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

दुसरं काम कागदांचं. जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र आणि पदव्या यांवर आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा प्रमाणीकरणाचा शिक्का, करून घ्या. भारत आणि ब्राझील दोन्ही हेग करारात असल्याने अपॉस्टिल पुरतं. भाषांतर मात्र भारतातून करून नेऊ नका. तिथल्या कचेऱ्या ब्राझीलमध्ये नोंदलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराचंच पोर्तुगीज भाषांतर ग्राह्य धरतात, त्यामुळे पुण्यात खर्च केलेले पैसे वाया जातील.

एक गोष्ट मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवावी. ब्राझीलमध्ये दवाखान्यापासून बँकेपर्यंत प्रत्येक अर्जावर आईचं नाव विचारतात, वडिलांपेक्षाही आधी. आपल्या जुन्या कागदांवर कधी आईचं माहेरचं नाव असतं, कधी सासरचं, कधी ती जागा रिकामीच. जन्मदाखल्यावर आईवडिलांची पूर्ण नावं आणि पासपोर्टशी जुळणारं स्पेलिंग नसेल तर ते निघण्याआधीच दुरुस्त करून घ्या. साओ पाउलोत बसून महाराष्ट्रातल्या नगरपालिकेकडून दुरुस्ती करून घेणं म्हणजे नातेवाइकांना कामाला लावणं.

भारतातून थेट विमान नाही. दुबई, दोहा, आदिस अबाबा किंवा युरोपमार्गे जावं लागतं. उतरल्यावर घड्याळ साडेआठ तास मागे घ्यायचं.

दुसरी पायरी: सीपीएफ, मग बाकी सगळं

सीपीएफ हा करखात्याचा अकरा आकडी क्रमांक. नावाला करासाठी, पण त्याच्याशिवाय मोबाईलचं सिम, बँक खातं, भाडेकरार, ऑनलाइन खरेदी यातलं काहीच होत नाही. औषधाच्या दुकानातही काउंटरवरची मुलगी आधी तोच विचारते, कारण सवलत त्याच्याशी जोडलेली असते. मुंबईतल्या ब्राझीलच्या वाणिज्य दूतावासामार्फत तो आधीच काढता येतो. जमलं तर काढूनच जा.

राहण्याच्या व्हिसावर आलेल्यांना प्रवेशापासून 90 दिवसांच्या आत फेडरल पोलिसांकडे नोंदणी करावी लागते. वेळ ऑनलाइन घ्यायची आणि ती लवकर मिळेलच असं नाही, म्हणून उतरल्या उतरल्या तारीख पकडा. नोंदणी झाली की आधी एक पावती मिळते आणि कार्ड मागाहून येतं. पावती जपून ठेवा, कार्ड येईपर्यंत तीच तुमची ओळख.

बँक खातं उघडलं की 'पिक्स' सुरू करा. नोव्हेंबर 2020 मध्ये ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने आणलेली ही व्यवस्था आपल्या यूपीआयच्या धर्तीची आहे. रस्त्यावरचा शहाळंवालाही पिक्स घेतो. खात्यातली रात्रीच्या व्यवहारांची मर्यादा मात्र पहिल्या दिवशीच खाली आणा. कारण पुढे, सुरक्षिततेच्या भागात येईल.

अडलंच तर साओ पाउलो महापालिकेचं स्थलांतरितांसाठी मदत केंद्र आहे, बेला व्हिस्टा भागात. 'क्राइ' या नावाने ते ओळखलं जातं. तिथे कागदपत्रांबद्दल फुकट सल्ला मिळतो. महापालिकेच्या शाळांमध्ये स्थलांतरितांसाठी पोर्तुगीजचे मोफत वर्गही चालतात. पोर्तुगीज शिकल्याशिवाय या प्रदेशात निभाव लागत नाही. ऑफिसात इंग्रजी चालेल, पण नळ गळला तर प्लंबरशी इंग्रजी चालणार नाही.

तिसरी पायरी: नकाशा डोक्यात बसवा

मधोमध साओ पाउलो शहर. त्याचा शून्य मैलाचा दगड प्रासा दा से या चौकात, कॅथेड्रलसमोर. तिथून थोड्याच अंतरावर 1554 मध्ये जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी शाळा काढली आणि तिच्याभोवती गाव वाढलं. समुद्रसपाटीपासून सुमारे 760 मीटर उंचीवरचं हे पठार आहे. सांतोस बंदर 70 किलोमीटरवर, पण मध्ये सेर्रा दो मारचा घाट.

आग्नेयेला 'आबेसे', म्हणजे सांतो आंद्रे, साओ बर्नार्दो आणि साओ कायतानो. शेजारच्या दियादेमासह हा मोटार उद्योगाचा पट्टा. 1970 च्या दशकाच्या शेवटी धातुकामगारांचे मोठे संप इथेच झाले आणि त्यांचा नेता लुला पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. ईशान्येला ग्वारुल्योस, लोकसंख्येने प्रदेशातलं दुसरं शहर. आंतरराष्ट्रीय विमानतळ तिथे आहे. पश्चिमेला ओझास्को, कारापिकुइबा, बारुएरी. आयटी आणि कंपन्यांची मुख्यालयं असलेलं अल्फाव्हिल बारुएरी आणि सांताना दे पार्नाइबा या दोन शहरांत विभागलेलं आहे. पूर्वेच्या टोकाला मोजी दास क्रुझेस. जपानी वंशाच्या शेतकऱ्यांनी पिकवलेली भाजी तिथून शहरात येते.

तिएते नदीचंही एक लक्षात ठेवा. ती सालेझोपोलिसला, समुद्रापासून जेमतेम 22 किलोमीटरवर उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून हजारभर किलोमीटर आत वाहत जाते. शहरात तिच्या दोन्ही काठांनी मार्जिनाल नावाचा महामार्ग आहे. रेडिओवर वाहतुकीच्या बातमीत हे नाव दर पाच मिनिटांनी ऐकाल.

पत्ता शोधण्याची एक खूणगाठ. साओ पाउलो शहरात घराचा क्रमांक म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं मीटरमधलं अंतर, आणि सुरुवात मोजतात ती से चौकाकडच्या टोकापासून. सम क्रमांक उजव्या हाताला, विषम डाव्या. म्हणजे 200 क्रमांकासमोर उभं राहून तुम्हाला 1400 हवा असेल तर जवळपास सव्वा किलोमीटर चालणं आलं. शिवाय एकाच नावाचे रस्ते वेगवेगळ्या शहरांत आहेत. टॅक्सीवाल्याला रस्त्याचं नाव सांगून भागत नाही, शहराचं नाव किंवा आठ आकडी पिनकोड द्या.

चौथी पायरी: लाइन निवडा

मेट्रो 1974 मध्ये सुरू झाली. उपनगरी रेल्वे त्याहून फार जुनी, इंग्रजांच्या कंपनीने 1867 मध्ये सांतोस ते जुंदियाइ टाकलेल्या मार्गापासूनची. दोन्ही राज्य सरकारच्या अखत्यारीत, काही लाइन खासगी कंपन्या चालवतात. प्रवाशाला याने फरक पडत नाही. बहुतेक जंक्शनवर तिकीट पुन्हा न काढता एकातून दुसरीत बदलता येतं. रुळांचं जाळं मिळून साडेतीनशे किलोमीटरहून अधिक आहे आणि एकाच तिकिटात कुठूनही कुठेही जाता येतं, अंतर कितीही असो. लांब राहणाऱ्याला हा मोठा आधार.

ऑफिस कुठे आहे ते बघून असा विचार करा.

शहरातल्या पाउलिस्टा अव्हेन्यू या मोठ्या रस्त्यावर असेल तर सगळ्यात सोपं. 2 नंबरची हिरवी, 4 नंबरची पिवळी आणि 1 नंबरची निळी या तिन्ही लाइन तिथे किंवा लगतच येतात. व्हिला मारियाना, सौदे, बुतांता, पिन्येइरोस यांपैकी कुठेही घर चालेल.

ऑफिस बेर्रिनीकडे, पिन्येइरोस नदीकाठी असेल तर 9 नंबरची एमराल्ड लाइन. तीच उत्तरेला ओझास्कोला जाते, आणि ओझास्कोत भाडं बऱ्यापैकी उतरतं.

अल्फाव्हिलचा प्रश्न अवघड. तिथे रेल्वे नाही. 8 नंबरच्या डायमंड लाइनने बारुएरी स्टेशन, तिथून बस. कंपनीची बस असेल तर ती कुठून सुटते ते आधी विचारा आणि त्या थांब्याच्या आसपास घर बघा. मध्य साओ पाउलोत राहून रोज अल्फाव्हिलला मोटारीने जाणारे बरेच आहेत. कास्तेलो ब्रांको महामार्गावरची संध्याकाळ त्यांनाच विचारा. माझं मत विचाराल तर मुलं लहान असतील तर ओझास्को किंवा बारुएरीतच राहावं, एकटे असाल तर शहरात राहून प्रवासाचा त्रास सोसावा.

साओ बर्नार्दो आणि दियादेमामध्ये रेल्वे स्टेशनच नाही, हे कारखान्यात नोकरी लागलेल्यांना बहुधा कोणी सांगत नाही. तिथे जाण्यासाठी निळ्या लाइनच्या झाबाक्वारा टोकावरून ट्रॉलीबस, म्हणजे डोक्यावरच्या विजेच्या तारांवर चालणारी बस, आहे. 1988 पासून स्वतंत्र मार्गिकेवरून धावणारी ही सेवा भरवशाची. सांतो आंद्रे आणि साओ कायतानो मात्र 10 नंबरच्या टर्क्वाइज लाइनवर आहेत. साओ कायतानो छोटं, नीटनेटकं, मानवी विकास निर्देशांकात 2010 साली देशात पहिलं आलेलं शहर. घरंही त्या मानाने महाग.

ग्वारुल्योस एवढं मोठं शहर, पण रेल्वे विमानतळाच्या बाजूलाच, 2018 मध्ये आलेली 13 नंबरची जेड लाइन. शहराच्या इतर भागांत राहायचं तर बसवरच भिस्त.

घर पसंत करण्याआधी त्या लाइनने एकदा सकाळी सात-साडेसातला प्रवास करून बघा. से स्टेशनवर लाल लाइन बदलून बघितलीत तर दादर आठवेल. रविवारी दुपारी बघितलेल्या घराला काही अर्थ नाही.

पाचवी पायरी: भाड्याचं घर

जाहिरातीतलं भाडं म्हणजे पूर्ण रक्कम नव्हे. त्यावर 'कोंदोमिनिओ', म्हणजे सोसायटीचा मासिक खर्च, आणि 'इपेतेउ' हा मालमत्ता कर. दोन्ही बहुधा भाडेकरूच भरतो. पोहण्याचा तलाव आणि चोवीस तास पहारा असलेल्या इमारतीत कोंदोमिनिओ भाड्याच्या निम्म्यावर जाऊ शकतो. तिन्ही आकडे मागून बेरीज करा.

हमीचे मुख्य प्रकार तीन आहेत. एक 'फियादोर', म्हणजे शक्यतो त्याच शहरात मालमत्ता असलेला जामीनदार. परदेशी माणसाला तो कुठून मिळणार? दुसरा अनामत, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं भाडं. तिसरा विमा कंपनीची हमी, जिचे पैसे परत मिळत नाहीत. अनामत मान्य करणारा घरमालक मिळाला तर सोडू नका. कंपनी हमी देत असेल तर त्याहून चांगलं. 1991 च्या भाडेकायद्यामुळे करार साधारणपणे 30 महिन्यांचे असतात. मध्येच सोडलं तर उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात दंड. तो कधी माफ होईल, हे सहीच्या आधी लिहून घ्या.

घर बघताना विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्च, दुपारनंतर धो धो पाऊस पडतो. रस्त्यावर पाणी साचतं का, हे दलालाला नव्हे, कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला विचारा. वादळात झाडं तारांवर कोसळतात. नोव्हेंबर 2023 मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर 2024 मध्ये लाखो घरं अंधारात गेली होती, काही ठिकाणी कित्येक दिवस. दहाव्या मजल्यावर राहणार असाल तर लिफ्टला जनरेटर आहे का ते बघा. पाण्याची टाकी आहे का हेही बघा. 2014-15 च्या दुष्काळात कांतारेइरा जलाशयाचा तळ उपसावा लागला होता, आणि टंचाईच्या काळात नळाचा दाब कमी होतो. जून-जुलैत थंडी असते आणि घरात हीटर नसतो. उत्तरेकडे खिडकी असलेली खोली घ्या. आपण दक्षिण गोलार्धात आलोय, ऊन उत्तरेकडून येतं.

मिक्सर सोबत नेण्याचा मोह आवरा. साओ पाउलोत घरगुती वीज बहुतेक ठिकाणी 127 व्होल्टची. आपला 230 व्होल्टचा मिक्सर त्यावर नुसता कण्हतो. काही घरांत 220 चा वेगळा सॉकेट असतो, पण खात्री झाल्याशिवाय वजन वाहू नका. उलटी चूक जास्त महागात पडते: तिथे घेतलेलं 127 चं यंत्र 220 ला लावलं की संपलं. प्रेशर कुकर नेऊ नका, तिथे घरोघरी राजमा शिजतो, कुकर कुठेही मिळतो. न्हाणीघरात गिझर नसून शॉवरच्या तोंडातच विजेचं कॉइल असतं. आणि बऱ्याच फ्लॅटमध्ये कमोडशेजारी पाण्याची नळी असते, ती चिंता नको.

सहावी पायरी: रोजचा प्रवास

साओ पाउलोच्या शहरबससाठी 'बिल्येती उनिकु' कार्ड काढा. एका भाड्यात तीन तासांत चार बसमध्ये चढता येतं. रेल्वेशी जोडून घेतलं तरी दोन वेगळ्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. शहर ओलांडून दुसऱ्या नगरपालिकेत जाणाऱ्या बसला मात्र हे कार्ड चालत नाही, तिथे 'टॉप' नावाचं वेगळं कार्ड लागतं. रोज हद्द ओलांडणाऱ्याच्या खिशात दोन्ही असतात. नोकरी ब्राझीलच्या कामगार कायद्याखाली असेल तर 'व्हाली त्रान्सपोर्ती' मागा. मूळ पगाराच्या 6 टक्क्यांवरचा प्रवासखर्च मालकाने द्यायचा असतो.

बस हात केल्याशिवाय थांबत नाही. पुढच्या दाराने चढायचं, फिरत्या अडसरातून आत जायचं, मागून उतरायचं. मोठी बॅग घेऊन त्या अडसरात अडकणं ही नवख्यांची हमखास फजिती. रविवारी साओ पाउलो शहराच्या बसेस डिसेंबर 2023 पासून मोफत आहेत.

मोटार घेणार असाल तर 1997 पासूनचा 'रोडीझिओ' माहीत हवा. नंबरप्लेटचा शेवटचा आकडा 1 किंवा 2 असेल तर सोमवारी, 3-4 मंगळवारी, अशा क्रमाने शुक्रवारी 9-0 पर्यंत, सकाळी 7 ते 10 आणि संध्याकाळी 5 ते 8 मध्य भागात गाडी आणायची नाही.

सातवी पायरी: फोन, दवाखाना, पोट

सुरक्षिततेबद्दल लोक उगाच घाबरवतात, पण एक धोका खरा आहे: फोन हिसकावणं. सायकलवरून किंवा मोटरसायकलवरून येतात, आणि सिग्नलला उभ्या मोटारीची काच फोडूनही नेतात. फूटपाथच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका, दुकानात शिरा. चोराला फोनपेक्षा आतलं बँकेचं ॲप हवं असतं, म्हणून वर पिक्सची मर्यादा खाली आणा म्हटलं. पोलिसांचा क्रमांक 190, रुग्णवाहिका 192, अग्निशमन 193.

आजारपणासाठी सरकारी 'सुस' व्यवस्था 1988 च्या संविधानातून आली आणि ती परदेशी माणसालाही मोफत आहे. पत्त्यानुसार जवळचं आरोग्य केंद्र ठरतं, तिथे जाऊन कार्ड काढून ठेवा. कंपनीचा विमा असला तरी काढा. लसी तिथेच मिळतात.

शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढं सांगून भागणार नाही. मांस म्हणजे गाय-बैलाचं, अशी सर्वसाधारण समजूत. चिकन, मासे, हॅम नको हे एकेक नाव घेऊन सांगा, आणि राजम्यात डुकराचं मांस घातलंय का तेही विचारा. वजनावर जेवण मिळणारी 'पोर किलो' हॉटेलं दुपारी सोयीची, ताट आपल्या हाताने वाढता येतं. आठवड्यातून एकदा प्रत्येक वस्तीत रस्ता बंद करून बाजार भरतो, त्याला 'फेइरा' म्हणतात. तिथे उसाचा रस आणि पास्तेल, म्हणजे सारण भरून तळलेली पातळ पोळी, घ्या, आणि दुपारी बाजार उठताना भाजी निम्म्या भावात. हिरव्या जुडीला 'शेइरु व्हेर्दी' म्हणतात, पण साओ पाउलोत त्यात बहुधा पार्सली आणि पातीचा कांदा असतो. कोथिंबीर हवी तर 'कोएंत्रु' असं स्पष्ट मागा. डाळी, मसाले, सुकामेवा यांसाठी ब्रास या भागाजवळचा धान्यबाजार, 'झोना सेरेआलिस्टा', शहराच्या मुख्य बाजाराच्या मागेच. उपवासाचीही सोय होते. साबुदाणा ज्या कंदाचा, तो मांदिओका मूळचा याच खंडातला, आणि 'सागू' नावाने मोती दुकानात मिळतात.

पहिल्या मोकळ्या रविवारी पाउलिस्टा अव्हेन्यूवर जा, त्या दिवशी तिथे मोटारींना बंदी असते. दुसऱ्या रविवारी ब्रासजवळचं स्थलांतर संग्रहालय. 1887 मध्ये उघडलेल्या या वसतिगृहात इटली, स्पेन, जपानहून कॉफीच्या मळ्यांसाठी आलेल्या मजुरांना उतरवत असत. मग कधीतरी टर्क्वाइज लाइनने शेवटपर्यंत, रिओ ग्रांदे दा सेर्राला जा. तिथून बसने पारानापियाकाबा, घाटमाथ्यावरचं इंग्रजांच्या काळातलं रेल्वेचं गाव, जे प्रशासकीयदृष्ट्या सांतो आंद्रेतच मोडतं. जॅकेट न्या, दुपारनंतर धुकं उतरतं, आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा.